रोज खिशात मल्टीटूल: लाल मुठीचं की पक्कडवालं?

खटपट्या
मंडळी, उत्तरं जरा सविस्तर द्या. मला रोज खिशात राहील असं एकच मल्टीटूल घ्यायचंय. म्हणजे ट्रेकपुरतं नाही, बॅगेत टाकून विसरायचं नाही, सकाळी किल्ल्या, पाकीट, फोन उचलतो तसं उचलायचं. वाचायला लागलो तर सरळ दोन तट दिसतात. एकीकडे स्विस आर्मी नाईफ, लाल मुठीचा, पातं, कात्री, ओपनर वगैरे. दुसरीकडे लेदरमनसारखी, मधोमध पक्कड आणि तिच्या दांड्यांत बाकी सगळं घडी घालून बसवलेलं. माझं काम बैठं आहे पण घरात खुडबुड चालू असते, पार्सलं फोडणं, खुर्चीचे स्क्रू आवळणं, सायकल, आणि चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तर कायमचा ढिला. माझा कल सध्या पक्कडीकडे आहे, कारण कापायला काहीतरी सापडतंच, पक्कड ऐनवेळी सापडत नाही. पण ते प्रकरण जड आहे. जे खरोखर रोज वापरतात त्यांनी सांगा.

बाणेदार
पक्कड. विषय संपला.

पाना_पक्कड
बाणेदारांना +१. अहो हे टूल जन्माला आलं तेच मुळी चाकूला पक्कड नव्हती म्हणून. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन इंजिनिअर १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी कुरकुरायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशात होता स्काउटांचा साधा चाकू. त्याने जमेल तेवढं केलं पण प्रत्येक वेळी पक्कड हवी होती. घरी जाऊन तो त्यामागे लागला आणि पहिलं टूल बाजारात आलं १९८३ मध्ये. आठ वर्षं! माणूस इतकी वर्षं एका गोष्टीमागे उगाच लागत नाही.

आता रोजचं बघा. सायकलची केबल ताणून धरायची, अडकलेली चेन सोडवायची, कुलपात तुटलेल्या किल्लीचा तुकडा ओढायचा, डोकं झिजलेला स्क्रू बाहेरून धरून फिरवायचा, यातलं एकही काम बोटांनी होत नाही. पार्सलाची टेप किल्लीनेही फाटते. पक्कड नसेल तर बसा बघत.

दोन_थर
पाना_पक्कड, तुम्ही सांगितलेली सगळी कामं खरी आहेत, पण ती रोज येतात का? प्रश्न "रोज खिशात" असा आहे.

वजनाचं बोलू. लेदरमन वेव्ह प्लस साधारण २४० ग्रॅमचं आहे. स्विस आर्मी नाईफ बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा (ही मिटलेल्या चाकूची लांबी) स्पार्टन ६० ग्रॅमच्या आसपास, आणि किल्ल्यांना अडकवायचा ५८ मिलिमीटरचा क्लासिक २० ग्रॅमच्या आसपास. पाव किलोच्या घरातली वस्तू पँटच्या खिशात दिवसभर राहत नाही, ती आधी पट्ट्यावर जाते, मग बॅगेत, मग गाडीत, मग ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरमध्येच जायचं असेल तर तिथे खरी पक्कड ठेवा ना, ती कितीतरी चांगली.

आणि इतिहासच काढायचा तर आमचाही आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या संस्थापकाने, कार्ल एल्सनरने, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले तेव्हा त्यात फक्त चार गोष्टी होत्या, पातं, टोचा, डबा उघडायचं आणि स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हर का, तर सैनिकांची नवी रायफल खोलायला तो लागायचा. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू आला, त्यात छोटं पातं आणि कॉर्कस्क्रू वाढला. खुबी अशी की पाठीच्या एकाच स्प्रिंगवर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंची अवजारं बसवली. म्हणून जाडी न वाढता कामं वाढली. आजही रचना तीच.

बाणेदार
रायफल कोण खोलतंय रोज :)

सुईदोरा
तुम्ही सगळे पातं आणि पक्कड यातच अडकलात. रोज सगळ्यात जास्त लागते ती कात्री! माझ्या पर्समध्ये लाल चाकू कायम असतो आणि त्याचं मोठं पातं कधीतरीच उघडतं. कात्री मात्र सतत. बाहीचा लोंबणारा दोरा, नव्या कपड्याची खाज येणारी पट्टी, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, चिकटपट्टी, बँडेज, तुटलेलं नख. दोरा ओढला तर शिवण उसवते, पात्याने कापायला गेलं तर कापडच कापलं जायची भीती, कात्रीने एका क्षणात काम होतं. आणि कोणासमोरही काढली तरी कोणी दचकत नाही, हा मुद्दा बायकांना लगेच कळेल.

घेताना कात्रीचं टोक बघा. चांगल्या कात्रीची दोन्ही पाती अगदी टोकापर्यंत घासत येतात, त्यामुळे टोकाने बारीक दोरा धरून कापता येतो. हलक्या प्रतीच्या कात्रीत मध्ये कापलं जातं आणि टोकाशी दोरा नुसता दुमडतो. कात्री आपोआप उघडायला एक इवलीशी वाकडी स्प्रिंग असते, ती कधीतरी तुटते, पण सुटी मिळते आणि घरी बदलता येते.

दूरचा_डोंगर
सुईदोरा ताईंशी सहमत. शिवाय मुठीत खुपसलेला चिमटा कोणीच मोजत नाही. काटा रुतला की त्या क्षणी अख्ख्या चाकूत तोच एक महत्त्वाचा असतो.

गॅरेजवाला
मी थोडं विरुद्ध बोलतो. माझा हाताचाच धंदा आहे आणि मला मल्टीटूल म्हणजे सगळं अर्धंअर्धं वाटतं. स्टार स्क्रूचं घ्या. त्यात पीएच१, पीएच२ असे आकार असतात (पीएच म्हणजे फिलिप्स, फुलीची खाच), पीएच२ च्या स्क्रूला पीएच१ लावला की तो आत खेळतो, जोर दिला की वर चढतो आणि स्क्रूची फुली खाऊन टाकतो. मग तोच स्क्रू माझ्याकडे येतो, ड्रिलने काढायला. बहुतेक मल्टीटूलमध्ये तुम्हाला एकच टोक मिळतं, ते बसलं तर नशीब. वर मूठ जाड, खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत पोचतच नाही.

पक्कडीचं पण तेच. खऱ्या पक्कडीत दांडे हातात भरतात, इथे दांड्यांच्या कडा तळव्यात रुततात. आणि पक्कडवाल्यांनो एक कृपा करा, चालू करंटच्या वायरला हे लावू नका. दांडे सगळे उघड्या लोखंडाचे असतात, इन्सुलेशन काही नाही.

पाना_पक्कड
शेवटच्या वाक्याला शंभर टक्के सहमत, सगळ्यांनी लिहून ठेवा.

बाकी दादा, तुमच्या गॅरेजमध्ये भिंतभर हत्यारं आहेत. आमची तुलना तुमच्या भिंतीशी नाही, आमची तुलना रिकाम्या हाताशी आहे. रस्त्यात सायकलचा मडगार्ड चाकाला घासतोय, दुकानं बंद, अशा वेळी अर्धं काम झालं तरी घरी पोचता येतं.

गॅरेजवाला
हे मान्य. तात्पुरतं करा आणि नंतर नीट करून घ्या. माझा राग तात्पुरतं तेच कायमचं करणाऱ्यांवर आहे.

धातुवेडा
जरा धातूचं बोलतो कारण "स्विस चाकूची धार लवकर जाते" हे वाक्य आता येणारच. हो, जाते. त्यातलं पोलाद मुद्दाम फार कडक केलेलं नसतं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणाच्या रॉकवेल मोजमापावर ५६ च्या आसपास, कात्री आणि करवत ५३, स्क्रूड्रायव्हर आणि ओपनर ५२, आणि स्प्रिंगा ४९. हे उतरत जाणारे आकडे बघा, मला यातली अक्कल फार आवडते. पात्याला धार टिकवायची म्हणून ते सगळ्यात कडक. स्क्रूड्रायव्हर पिळला जातो, तो फार कडक केला तर काचेसारखा तुटेल, म्हणून थोडा नरम. स्प्रिंगला आयुष्यभर वाकून परत यायचंय, ती सगळ्यात नरम. एका मुठीत इतका वेगवेगळा विचार!

महागड्या पोलादाचं पातं महिनोन्महिने धार धरतं पण एकदा गेली की दगडावर तासभर झगडा. रोजच्या वापराला मला नरम पोलाद बरं वाटतं, सहसा गंजत नाही आणि दहा मिनिटांत धार परत. लेदरमनच्या वेव्हमध्ये ४२०एचसी नावाचं पोलाद असतं, तेही त्याच जातीचं, धार लावायला सोपं.

नवशिका_नील
धार कशी लावायची पण? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

धातुवेडा
कोन एका बाजूने १५ ते २० अंश ठेवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा, एवढंच जमवायचंय. कोन बरोबर आहे का हे कळायला धारेच्या कडेवर काळा मार्कर फिरवा आणि दगडावर एकदाच हलकेच घासा. शाई अगदी धारेपासूनच गेली तर कोन बरोबर. धारेवर शाई राहिली आणि वरच्या बाजूची गेली तर पातं फार आडवं धरलंय. फक्त धारेची बारीक रेघ चमकली तर फार उभं. दोन्ही बाजू सारख्या घासा, उलट्या बाजूला बोट हलकेच आडवं फिरवलं की बारीक खरखर लागते, ती लागेपर्यंत एक बाजू, मग दुसरी. १००० नंबरचा दगड पुरतो.

दूरचा_डोंगर
आणि साफ करा हो. खिशातल्या कापसाचा मळ सांध्यात जाऊन बसतो आणि मग लोक म्हणतात चाकू कडक झाला. कोमट पाण्यात थोडा साबण, पाण्यातच सगळी अवजारं उघडमीट करायची, नीट वाळवायचं, सांध्यावर तेलाचा एक थेंब. त्या पात्याने फळं कापत असाल तर खाण्याला चालेल असंच तेल घ्या. समुद्रावरून आल्यावर तर त्याच दिवशी धुवा. स्टेनलेस आहे म्हणून खारं पाणी सोडत नाही.

सावधान_पुढे_वळण
एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही, लॉक. लहान स्विस चाकूंच्या पात्याला लॉक नसतं, फक्त स्प्रिंगच्या जोरावर ते उभं राहतं. म्हणजे टोकाने काही खुपसायला गेलात आणि जोर पात्याच्या पाठीवर आला, की पातं सरळ बोटांवर मिटतं. भोक पाडायला पातं वापरूच नका, त्यासाठी टोचा आहे. ९१ मिलिमीटरच्या बहुतेक मॉडेलांत टोचा पाठीमागे मधोमध असतो, उघडला की मुठीशी काटकोन होतो, चाकूची मूठ हातात घट्ट धरून सरळ खाली दाबली तर तो मिटत नाही. त्याला एकाच बाजूने धार असते, त्यामुळे पट्ट्याला भोक पाडताना कापणाऱ्या दिशेने गोल फिरवा, चामडं बारीक सालीसारखं निघत येतं आणि भोक स्वच्छ पडतं. उलटं फिरवलं तर नुसतं रुंदावतं.

ज्यांना लॉक हवंच त्यांनी १११ मिलिमीटरचे मोठे चाकू किंवा लेदरमन बघावं.

परदेशी_पाखरू
लॉकचा कायद्याशी पण संबंध आहे, देश बघून घ्या. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंतच्या धारेचा चाकू कारण न देता बाळगता येतो, तोच लॉकवाला असेल तर सार्वजनिक ठिकाणी योग्य कारण लागतं. लोकांना वाटतं लॉक म्हणजे सुरक्षित म्हणजे चालणार, तिथे नेमकं उलट आहे. जिथे जाल तिथला नियम आधी वाचा.

बाणेदार
आणि विमान?

परदेशी_पाखरू
हातातल्या बॅगेत नाही म्हणजे नाही असंच धरून चाला, चेक-इनमध्ये टाका. अमेरिकेत २०१३ च्या मार्चमध्ये छोट्या पात्यांना केबिनमध्ये परवानगी द्यायचं जाहीर झालं होतं, विमान कर्मचाऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि जूनमध्ये तो बेत गुंडाळला. किल्ल्यांना अडकवलेला छोटा क्लासिक सगळ्यात जास्त धोक्यात, कारण तो आहे हेच विसरायला होतं. घरातून निघताना किल्ल्या चाचपायची सवय लावा.

बिनपात्याची मल्टीटूल्स मिळतात, नुसती कात्री, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. व्हिक्टोरिनॉक्सनेही २०२४ मध्ये सांगितलं की आम्ही बिनपात्याच्या टूलवर काम करतोय. पण तीसुद्धा तपासणीवाल्याच्या हातात आहेत, हे लक्षात ठेवा.

पाना_पक्कड
बिनपात्याचा स्विस चाकू, काय दिवस आले.

सुईदोरा
कात्री राहतेय ना, मग माझं काही अडत नाही.

डावा_हात
डावखुऱ्यांची बाजू मांडतो. पात्यावर नख अडकवायची जी खाच असते ती उजव्या हाताचा अंगठा धरून केलेली असते. आम्ही डाव्या हाताने उघडायला गेलो की खाच पलीकडे. रोज वापरून सवय होते, पण घेण्याआधी हातात घेऊन सगळी अवजारं स्वतः उघडून बघा. व्हिक्टोरिनॉक्सच्या हंट्समनची डावखुरी आवृत्ती निघाली आहे. पक्कडवाल्यांत ज्यांच्या पात्याला आरपार भोक असतं आणि अंगठ्याने उघडतात त्यांचा त्रास कमी.

नवशिका_नील
माझा भाऊ दहा वर्षांचा आहे, त्याला देऊ का? तो मागे लागलाय.

सावधान_पुढे_वळण
गोल टोकाच्या पात्याचे लहान मुलांसाठीचे चाकू मिळतात, त्यापासून सुरू कर. समोर बसून शिकव: कापताना पातं अंगापासून लांब, दुसऱ्याला देताना मिटूनच, आणि मिटताना बोटं पात्याच्या वाटेत नाहीत हे बघून. आईबाबांना विचारूनच, हे वेगळं सांगायला नको.

दोन_थर
धागा फिरून आला, मूळ प्रश्नाकडे वळू. खटपट्या, एक सुचवतो. काहीही घेण्याआधी थोडे दिवस फोनमध्ये टिपून ठेवा, "आत्ता अमुक हवं होतं". घरी असताना लागलेलं वेगळं आणि बाहेर लागलेलं वेगळं लिहा, कारण घरी ड्रॉवर आहेच. बाहेरची यादी जे सांगेल ते घ्या.

खटपट्या
दोन_थर, हे केलं आणि फार उपयोग झाला. बाहेरच्या यादीत सगळ्यात वर कापणं, त्यातही बहुतेक वेळा कात्रीने जास्त नीट झालं असतं असं. मग चष्म्याचा स्क्रू. मग स्टार स्क्रू. चिमटा एकदा, पण तेव्हा फारच तीव्रतेने :) पक्कड फक्त सायकलवर असताना लागली. म्हणजे पक्कड सायकलच्या सीटखालच्या पिशवीत, आणि खिशात ९१ मिलिमीटरचा लाल चाकू, असं ठरतंय. पाना_पक्कड, रागावू नका. आता प्रश्न असा की व्हिक्टोरिनॉक्सचा सुपर टिंकर घेऊ का? त्यात कात्री आहे आणि पाठीला स्टार स्क्रूड्रायव्हर आहे.

पाना_पक्कड
रागावतोय कशाला, पक्कड येतेय ना घरात. पण सीटखाली ठेवणार असाल तर कापडात गुंडाळून ठेवा, ओल आणि धूळ दोन्ही लागतं तिथे.

दोन_थर
सुपर टिंकर चांगला, पण तुमच्या यादीत चष्मा दुसऱ्या नंबरला आहे ते विसरू नका. चष्म्याच्या स्क्रूला लागतो तो इवलासा स्क्रूड्रायव्हर कॉर्कस्क्रूच्या वेटोळ्यात फिरवून बसवलेला असतो. सुपर टिंकरमध्ये कॉर्कस्क्रूच्या जागी स्टार आलाय, म्हणजे इवला स्क्रूड्रायव्हर ठेवायला जागाच नाही. दुसरा पर्याय कॉम्पॅक्ट. अवजारांचे दोनच थर असलेला, पातळ, त्यात कात्री आहे, कॉर्कस्क्रू आहे, तो इवला स्क्रूड्रायव्हर आहे, मुठीत छोटं पेन पण आहे. पण स्टार नाही. कॉर्कस्क्रूचा आणखी एक उपयोग, दोरीची किंवा बुटाच्या नाडीची घट्ट बसलेली गाठ त्याच्या टोकाने सुटते, नखांनी सुटत नाही.

गॅरेजवाला
मला विचाराल तर कॉम्पॅक्ट. स्टार स्क्रू बहुतेक घरातच लागतो आणि घरी पीएच१, पीएच२ दोन्ही नीट स्क्रूड्रायव्हर ठेवा, माझ्याकडे यायची वेळ येणार नाही. चष्मा रस्त्यात सुटतो.

सुईदोरा
गॅरेजवाल्या दादांनी मल्टीटूल सुचवलं, नोंद घ्या सगळ्यांनी.

खटपट्या
पटलं. कॉम्पॅक्ट घेतो. घेताना काय तपासू?

धातुवेडा
मूठ मिटलेली असताना दिव्यासमोर धरा, थरांमध्ये फट दिसायला नको. प्रत्येक अवजार उघडा, उघडल्यावर आणि मिटल्यावर पाठीची स्प्रिंग मुठीच्या कडेशी सपाट आली पाहिजे. पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, सांध्यात हालता कामा नये. पातं मिटताना धार स्प्रिंगवर आपटत नाही ना ते कान देऊन ऐका. आणि सुईदोरा ताईंचं ऐका, कात्रीने पातळ कागद टोकाटोकाने कापून बघा. टोकाशी कागद दुमडला तर तो नग परत ठेवा, दुसरा मागा.